रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग दुखतंय ते काय?

मागच्या अंकात झोपेबद्दल लिहिताना मी शेवटी सहज एक ओळ लिहून गेले होते, की डिप्रेशनचे कितीतरी पेशंट माझ्याकडे मन उदास आहे म्हणून येतच नाहीत, पाठ दुखतीये म्हणून येतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. पाच पत्रं घेतलीयेत. नावं गाळलीत, मजकूर थोडा कमी केलाय, भाषा ज्याची त्याची ठेवलीये.

प्रश्न : मॅडम, माझं वय ४६. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो, शेती आहे, दोन म्हशी आहेत. गेली तीन वर्षं माझं डोकं, मान आणि कंबर दुखतीय. हातापायाची आग होती, छातीत भरून आल्यासारखं होतं, अन्न गोड लागत नाही. पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही. मिरज झालं, कोल्हापूर झालं. एमआरआय काढला, दुर्बिणीतून पोट बघितलं, रक्त किती वेळा दिलं मोजलं नाही. सगळं नॉर्मल. घरात म्हणतात तुला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आलाय. शेवटच्या डॉक्टरांनी मानसिक डॉक्टरांकडं जा म्हणून चिठ्ठी दिली, त्यांनी गोळ्या दिल्या, त्या मी कपाटात ठेवल्यात. मी वेडी नाही मॅडम. आजार मनाचा असंल तर कंबर कशाला दुखंल?

उत्तर : ताई, तुमची कंबर खरंच दुखतीये. हे आधी लिहून टाकते कारण तीन वर्षांत हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले की आपल्याकडे सगळे, आणि ह्यात आम्ही डॉक्टर लोकही आलो, 'काही नाहीये' म्हणून मोकळे होतो, पण रिपोर्टला जे बघता येतं तेवढंच त्यात असतं. एमआरआयत मणका दिसतो, गादी सरकलीये का ते दिसतं, गाठ असेल तर दिसते. दुखणं कमीजास्त करणारी जी व्यवस्था आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत असते ती काही त्या फोटोत येत नाही.

आता ही व्यवस्था म्हणजे काय ते बघा. आपण वाकून धार काढतो, उकिडवं बसून भांगलण करतो, डोक्यावर भारा घेतो, ह्या सगळ्यातून अंगातल्या बारीकसारीक दुखण्याच्या खबरा दिवसभर मेंदूकडे जात असतात. तब्येत बरी असते तेव्हा मेंदू वरून खाली उलटा निरोप पाठवतो आणि त्यातल्या बऱ्याचशा खबरा मज्जारज्जूतच दाबून टाकतो, त्यामुळे आपल्याला त्या जाणवतही नाहीत. ह्या दाबण्याच्या कामात सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं लागतात, मूड, झोप आणि भूक सांभाळण्यातही हीच लागतात. डिप्रेशनमध्ये ही दाबण्याची ताकद कमी पडते असं मानतात, मग जी कंबर पूर्वी संध्याकाळी जराशी भरून यायची तीच आता दिवसभर ठणकते. त्यात पहाटे तीनला झोप उडते, आणि झोपमोड झाली की धडधाकट माणसालाही दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखतंय म्हणून परत झोप लागत नाही, असं ते एकमेकांना धरून चालू राहतं. शिवाय मन ताणात असलं की स्नायूही ताणलेलेच राहतात. आज रात्री अंथरुणावर पडल्यावर फक्त लक्ष द्या, दात आवळलेले असतील, खांदे वर चढलेले असतील. तासन् तास तसेच राहिले तर मान आणि डोकं दुखणारच.

आपल्या भाषेला हे फार आधीपासून माहितीये. काळजाचं पाणी होतं, पोटात खड्डा पडतो, हातपाय गळतात, आवंढा अडकतो, वाईट बातमी कळली की माणूस मटकन खाली बसतो. ह्यातल्या कशाला आपण नाटक म्हणत नाही ना, मग कंबरेलाच का म्हणायचं?

माझ्याकडे तुमच्याच वयाच्या एक बाई आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे रिपोर्ट, एकेक काढून टेबलावर लावत होत्या, एक्स-रे स्वतःच ट्यूबलाइटकडे धरून दाखवत होत्या, इतक्या दवाखान्यांत तो धरलेला बघून त्यांना सवयच झाली होती. मी विचारलं घरात कोण कोण असतं. त्यांनी सगळ्यांची नावं सांगितली, सासू, मालक, धाकटा, सून, आणि मग थांबल्या. हात पिशवीतच राहिला. म्हणाल्या, "थोरला होता." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, फक्त पदराचा बोळा करून मानेच्या मागं दाबून धरला आणि म्हणाल्या, "हितंच दुखतंय बघा." त्या पिशवीत पाच वर्षांचे रिपोर्ट होते आणि थोरल्याबद्दल त्यांना एकदाही कुणी विचारलेलं नव्हतं.

तुमच्या बाबतीत असं काही घडलंय का ते मला माहीत नाही, घडलेलंच असतं असंही नाही, डिप्रेशन कारणाशिवायही येतं. पण पहाटेची जाग आणि अन्न गोड न लागणं ह्या दोन गोष्टी तुम्ही कंबरेच्या शेजारी सहज लिहून टाकल्यात आणि मला त्याच आधी दिसल्या. सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट वाटतं आणि संध्याकाळकडे जरा बरं वाटतं असं होतं का? पूर्वी आवडायचं त्यातलं काही आता करावंसं वाटत नाही असं झालंय का? जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात का? हो असेल तर हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि शेवटच्या प्रश्नाला हो असेल तर आजच सांगा.

आणि वेडाचं म्हणाल तर डिप्रेशन म्हणजे वेड नाही. शुगर वाढली म्हणून माणूस वेगळा होत नाही तसं हे आहे.

एक उलटी काळजीही घ्यायला सांगते. एकदा 'मानसिक आहे' असं ठरलं की पुढचं सगळं दुखणं त्याच खात्यात टाकायचं, हेही धोक्याचं आहे. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं ह्यातही अंग दुखतं, आग होते, उदास वाटतं. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, बी-१२ आणि शुगर एवढं झालंय ना ते तुमच्या फाइलीत बघून घ्या, महागड्या तपासण्यांच्या गर्दीत ह्या साध्याच कधीकधी राहून जातात. आणि वजन आपोआप उतरायला लागलं, ताप राहायला लागला, हातापायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं एकदम दुखलं तर मनाचं असेल म्हणून घरी बसायचं नाही.

आता कपाटातल्या गोळ्या. तुम्ही नाव लिहिलेलं नाही त्यामुळे त्याच गोळीबद्दल मी सांगू शकत नाही, पण डिप्रेशनवरच्या काही गोळ्या दुखणं दाबणाऱ्या त्याच वाटेवर काम करतात, म्हणून जुनाट दुखण्यालाही त्या देतात. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. गंमत उलटी आहे की त्रास आधी जाणवतो, पहिल्या आठवड्यात मळमळ होते, पोट बिघडतं, कधी अस्वस्थ वाटतं, आणि इथेच बरेच लोक सोडून देतात. ह्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, फक्त एकदम बंद करायच्या नसतात, चक्कर येते, चिडचिड होते, म्हणून हळूहळू उतरवतात. बरं वाटायला लागल्यावरही सहा-नऊ महिने तरी चालू ठेवाव्या लागतात. शेजारच्या बाईची झोपेची गोळी मात्र कितीही छान झोप लागली तरी घेऊ नका, त्यातल्या काहींची सवय खरंच लागते.

आणि मेडिकलमधून पेनकिलर आणून खाणं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. महिन्यातले दहा-पंधरा दिवस डोकेदुखीची गोळी खाल्ली तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. शिवाय काही पेनकिलर आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या बरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

पुढच्या खेपेला मालकांना बरोबर घेऊन जा. 'तुला काही झालेलं नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या समोर एकदा खोडलं जायला हवंय. खर्च परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी २७, पुण्यात आयटीत आहे. चार महिन्यांत तीनदा रात्री कॅज्युअल्टीत जाऊन आलोय. छातीत दुखतं, धडधडतं, हाताला मुंग्या येतात, आता आपण जातोय असं हंड्रेड पर्सेंट वाटतं. ईसीजी, टूडी एको, ट्रोपोनिन सगळं क्लिअर. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला डॉक्टर हसला. आता जिम बंद केलीये, बाइक हायवेला काढत नाही, वॉच बघत बसतो की रेट किती झाला. हार्ट खरंच ओके आहे का?

उत्तर : तो डॉक्टर हसला ह्याचं मला फार वाईट वाटलं. मरणाची भीती घेऊन आलेल्या माणसाला हसायचं नसतं.

तुम्ही लिहिलंय ते वाचून पॅनिक अटॅक वाटतोय. समोर साप आला तर शरीर जे करतं ते सगळं इथे होतं, फक्त साप नसतो. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळायला लागतं, श्वास भराभर व्हायला लागतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी बोटं आखडतात सुद्धा. छातीच्या पिंजऱ्याचे स्नायू एवढं काम करून दुखायला लागतात, म्हणजे छातीत दुखतंय हे खरं आहे, फक्त ते हृदयाच्या रक्तवाहिनीचं नाहीये. आणि मग दुखतंय म्हणून भीती वाढते, भीती वाढली की अजून ॲड्रेनलिन. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरायला लागतं, कारण शरीर तेवढा जोर फार वेळ धरून ठेवूच शकत नाही. पुढच्या वेळी घड्याळात रेट बघायच्या ऐवजी किती वाजलेत तेवढंच बघा. श्वास नाकाने आत, आणि बाहेर सोडताना आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. सिनेमात दाखवतात तसं कागदी पिशवीत श्वास घेऊ नका.

खरं नुकसान अटॅकने होत नाहीये, टाळण्याने होतंय. जिम गेली, हायवे गेला, उद्या लिफ्ट जाईल, मग थिएटर. व्यायाम सोडल्याने हृदयाचं भलं होत नाही, आणि थोडं चाललं तरी धडधडायला लागतं मग त्याचीच भीती वाटते. ह्यावर सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी फार चांगली चालते, त्यात टाळलेल्या गोष्टींकडे पायरी-पायरीने परत नेतात. काहींना गोळ्याही लागतात. दिवसाला किती कॉफी, किती एनर्जी ड्रिंक, किती सिगारेट, ते प्रामाणिकपणे मोजा, ह्या तिन्ही गोष्टी धडधड वाढवतात. थायरॉइड एकदा बघून घ्या.

इतर वाचकांसाठी मात्र, छातीत पहिल्यांदा दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी थांबू नका, वय कमी आहे म्हणूनही थांबू नका, आपल्याकडे हृदयविकार तरुण वयातही येतो. ईसीजी काढायचाच. श्रम केल्यावर दुखतं, थांबलं की कमी होतं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, दरदरून घाम फुटतो, असं असेल तर आधी हॉस्पिटल.

प्रश्न : माझा मोठा भाऊ ३८ वर्षांचा आहे, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. नऊ वर्षांपासून ओलान्झपिनची गोळी चालू आहे. आवाज येणं थांबलं, मारझोड थांबली, देवाची कृपा. पण वजन ५८ चं ८६ झालं. दिवसभर चहा आणि बिडी. वर्षभरापासून पायाला मुंग्या येतात म्हणतो. गावातल्या डॉक्टरांकडे दोनदा नेलं, त्यांनी फाइल बघितली आणि म्हणाले ह्याचं मानसिक आहे, आहे त्या गोळ्या चालू ठेवा. परवा कॅम्पमध्ये सहज शुगर बघितली तर ३१०. आई म्हणते ह्या गोळ्यांनीच वाटोळं केलं, बंद करा. आम्ही जळगावकडचे. काय करावं?

उत्तर : दादा, गोळी बंद करू नका. आईचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, पण बंद करू नका, निदान स्वतःच्या मनाने तर नाहीच. नऊ वर्षांनी शांत झालेला आजार गोळी तोडल्यावर उसळला तर शुगरची गोळी त्याला द्यायचीही सोय राहणार नाही.

ओलान्झपिन भूक वाढवतं, वजन वाढवतं आणि शुगर, चरबी ह्यांच्यावरही परिणाम करतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. म्हणूनच ते सुरू करायच्या आधी वजन, कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि कोलेस्टेरॉल बघायचं असतं, मग तीन महिन्यांनी परत, आणि पुढे वर्षातून एकदा तरी. नऊ वर्षांत हे झालेलं दिसत नाही. आणि पायाच्या मुंग्या म्हणजे शुगर बरेच दिवस वाढलेली असून नसांना त्रास व्हायला लागला असण्याची शक्यता आहे. त्याने दोनदा सांगितलं. त्याचं सांगणं कुणी ऐकलं नाही कारण फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलेलं होतं.

ह्या विषयावर मला शांतपणे लिहिता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. लोकांना वाटतं आत्महत्येमुळे. काही त्यामुळे जातात, पण जास्त करून जातात ती हृदयविकाराने, डायबेटिसने, फुप्फुसाच्या आजाराने, इन्फेक्शनने, म्हणजे ज्याला आपल्याकडे औषधं आहेत अशा आजारांनी. कारण आजारामुळे हालचाल कमी, बिडी-तंबाखू जास्त, गोळ्यांमुळे वजन, आणि छातीत दुखतंय म्हटलं तरी 'भास होत असेल'. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या ओपीडीतही वजनकाटा नव्हता. आवाज येतात का, झोप लागते का, गोळ्या घेतो का, एवढं विचारून मी पुढचा पेशंट बोलवायचे. माझा एक पेशंट होता, आजार इतका छान आटोक्यात, भावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचा, दर महिन्याला माझ्यासाठी राजगिऱ्याचा लाडू आणायचा. ४४ व्या वर्षी दुकानातच हार्ट अटॅकने गेला. मी त्याचं बीपी कधीच बघितलेलं नव्हतं. आता काटा, बीपीचं मशीन आणि टेप टेबलावरच असतं आणि त्याशिवाय मी गोळ्यांची चिठ्ठी लिहीत नाही.

आता काय करायचं ते. ३१० शुगर म्हणजे ह्याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या, जळगावला सिव्हिलला नेलं तरी चालेल. खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, सुस्ती असं काही असेल तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी न्या. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल, किडनीची तपासणी, लघवीत प्रोटीन जातंय का, आणि डोळ्याचा पडदा, एवढं करून घ्या. रोज रात्री त्याचे तळपाय आईने किंवा तुम्ही बघायचे, मुंग्या येणाऱ्या पायाला जखम झालेली कळत नाही. दातही दाखवा, ह्या पेशंटांच्या दातांकडे कुणाचं लक्ष नसतं. तेच कागद घेऊन मग मानसोपचार डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा की वजन इतकं न वाढवणारी दुसरी गोळी, ॲरिपिप्राझोलसारखी, ह्याला चालेल का. चालत असेल तर ते हळूहळू बदलतील, काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. बदलणं जमणार नसेल तर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वजन आणि शुगर दोन्हीला मदत करतं, पण तेही किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील.

बिडीबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झपिन आणि ह्याच आजारावरचं क्लोझपिन शरीरातून लवकर बाहेर पडतं. त्याने बिडी एकदम सोडली तर त्याच डोसमध्ये औषध रक्तात जास्त साठू शकतं, सुस्ती येऊ शकते. म्हणून सोडवायची नक्की, पण डॉक्टरांना सांगून. चहातली साखर मात्र उद्यापासून बंद करता येईल, दहा कप चहा असेल तर त्यातच किती साखर जाते ते तुम्हीच मोजा. आणि त्याला एकट्याला 'फिरायला जा' म्हणू नका, तो जाणार नाही, ह्या आजारात स्वतःहून उठायची उमेदच कमी झालेली असते. कुणीतरी रोज बरोबर निघा.

गावातल्या डॉक्टरांशी भांडू नका, पण पुढच्या वेळी 'डॉक्टर, त्याचा मानसिक आजार बाजूला ठेवा, पायाला मुंग्या येणारा ३८ वर्षांचा माणूस समजून तपासा' असं म्हणा. ते तुमचं मागणं नाही, हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की सगळ्या आरोग्यसेवांमध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसाइतकंच वागवायचं, आणि विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराच्या उपचाराला त्याच धर्तीवर विमा द्यायचा.

आईला सांगा, गोळीने त्याला त्यांच्याकडे परत आणलंय, आता त्याचं शरीर सांभाळायचं राहिलंय.

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून गप्प गप्प असतात. फिरायला जात नाहीत, गोळ्या मी हातात दिल्या तरच घेतात, पेपरसुद्धा उघडत नाहीत. मुलगा म्हणतो एवढ्या मोठ्या आजारातून उठलेत, थोडं होणारच. तसं असेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकू, पहिले दोन-तीन आठवडे म्हणाल तर हो. चार महिने म्हणजे नाही. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि ते येऊन जाऊन बरं होईल म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ पेशंटांवर सहा महिने लक्ष ठेवलं, तर ज्यांना डिप्रेशन होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. एक कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, गोळ्या घेत नाहीत, चालत नाहीत. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, टाकल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवणं तर फारच धोक्याचं. दुसरं म्हणजे डिप्रेशनमध्ये रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी जास्त चिकट होतात आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांचा तोलही बिघडतो.

तेव्हा पुढच्या फॉलोअपला कार्डिओलॉजिस्टना हे सगळं सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. डिप्रेशनवरची सर्ट्रालिनसारखी औषधं हृदयाच्या पेशंटांमध्ये तपासून झालेली आहेत आणि चालतात, जुन्या प्रकारच्या काही गोळ्या मात्र टाळतात. त्यांना सल्ले देऊ नका, 'जरा खालच्या दुकानापर्यंत सोबत येता का, मला पिशवी जड होते' असं म्हणून बघा, शिक्षक माणूस आहे, मदत मागितली तर उठेल.

आणि काकू, तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोला एक छोटासा अभ्यास झाला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली, आणि तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या बायकांच्या हातावरही केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. म्हणून विचारते, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं? त्यांच्या फॉलोअपच्या दिवशी तुमचंही बघून घ्या, तिथेच.

प्रश्न : बायपोलरसाठी (मूड कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो तो आजार) लिथियमची गोळी चालू आहे, सहा वर्षं झाली, एकदम व्यवस्थित. गुडघे दुखतात, मेडिकलमधून पेनकिलर घेतली तर चालेल ना?

उत्तर : नाही. आधीच घेतली असेल तर आता थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या जातीच्या गोळ्यांमुळे किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात साठायला लागतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. तात्पुरतं दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सहसा चालतं, तेही विचारून. जुलाब, उलट्या, कडक उपास, किंवा मे महिन्याच्या उन्हात घाम जाऊन पाणी कमी झालं तरी लिथियम वाढतं, म्हणून पाणी भरपूर आणि मीठ एकदम बंद करायचं नाही. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, गुंगी ह्यातलं काही झालं तर पुढचा डोस न घेता लगेच हॉस्पिटलला जायचं आणि लिथियमची लेव्हल करायची. एरवीही लेव्हल तीन ते सहा महिन्यांनी, थायरॉइड आणि किडनी दर सहा महिन्यांनी. सहा वर्षं व्यवस्थित आहात म्हणून ही शेवटची तपासणी कधी झाली ते आठवत नसेल तर ह्याच आठवड्यात करून घ्या. आणि 'मी लिथियमवर आहे' हे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, गुडघ्याच्या डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला, सगळ्यांना दाखवायचं.